जागतिक संस्था आणि जुना नकाशा

संस्था मोठी झाली की तिची घटना नव्याने लिहिली जाते, बोधचिन्ह बदलते, क्वचित नावही बदलते. सहसा बदलत नाही ती बसण्याची व्यवस्था. आरंभी जे पुढच्या रांगेत बसले त्यांचे वारसदार पुढच्याच रांगेत बसतात. मागाहून आलेल्यांची संख्या कितीही वाढली तरी त्यांचे तोंडभर स्वागत होते आणि त्यांना मागची रांग दाखवली जाते. ही कथा एखाद्या गावच्या वाचनालयाची असू शकते, तशीच ती जगातील सर्वांत मोठ्या अभियंता-संस्थेचीही आहे. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः या दुसऱ्या संस्थेविषयी लिहिणार आहोत. घरचा विषय शेवटी निघेलच. तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्स हे त्या संस्थेचे पूर्ण नाव. व्यवहारात तिला 'आय-ट्रिपल-ई' म्हणतात. विद्युत, इलेक्ट्रॉनिकी, संगणक आणि दूरसंचार या क्षेत्रांतील संशोधनपत्रिका ती चालवते, परिषदा भरवते आणि तांत्रिक मानके ठरवते. आपल्या घरातील वाय-फाय ज्या ८०२.११ या मानकावर चालते, ते याच संस्थेचे. तिचे सदस्य साडेचार लाखांहून अधिक असून ते १९०हून अधिक देशांत पसरलेले आहेत. हैदराबाद, गुजरात, बंगळूर, मुंबई, पुणे अशा तिच्या शाखा भारतात वर्षानुवर्षे काम करीत आहेत.

साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकात अभियंत्यांच्या संस्थेची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे पहिले उत्तर असे की हा व्यवसाय आपल्या समाजाला परका नाही. महाराजा सयाजीरावांनी बडोद्यास १८९० साली कलाभवन स्थापन केले, तेव्हापासून तंत्रशिक्षण हा बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांच्या चरितार्थाचा आणि अभिमानाचाही भाग आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी या संस्थेची वर्गणी जात असेल. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. केंद्रापासून दूर राहून केंद्राच्या संस्थेशी निष्ठा ठेवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. प्रतिनिधित्वाचा प्रश्न यंत्रशास्त्राचा नाही. तो न्यायाचा आहे, आणि न्यायाच्या प्रश्नावर साहित्यसंस्थेने मौन पाळावे असा काही दंडक नाही.

प्रथम इतिहास पाहू. अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांची संस्था १८८४ साली निघाली. रेडिओ अभियंत्यांची १९१२ साली. १ जानेवारी १९६३ रोजी या दोहोंच्या विलीनीकरणातून आय-ट्रिपल-ई जन्मास आली. त्या वेळी तिचे सुमारे दीड लाख सदस्य होते आणि त्यांतील सुमारे एक लाख चाळीस हजार अमेरिकेत राहत होते. म्हणजे दर शंभरांत ९३ सदस्य एकाच देशाचे. पुढे संस्थेने जगाचे दहा विभाग पाडले. पहिले सहा अमेरिकेचे, सातवा कॅनडाचा, आठवा युरोप, मध्यपूर्व आणि आफ्रिका यांचा, नववा लॅटिन अमेरिकेचा आणि दहावा आशिया-पॅसिफिकचा. प्रत्येक विभागाचा एक निर्वाचित संचालक संस्थेच्या नियामक मंडळावर बसतो.

ज्यांनी ही आखणी केली त्यांच्यावर आमचा रोष नाही. ९३ टक्के सदस्य असलेल्या देशाने दहांपैकी सहाच जागा ठेवल्या आणि उरलेल्या चार विरळ वस्तीच्या जगाला दिल्या, हे औदार्यच होते. परंतु त्या दिवशीचे औदार्य सहा दशकांनंतर मक्तेदारी ठरू शकते. सदस्यांची वाटणी बदलत गेली आणि विभागांच्या सीमा जागच्या जागी राहिल्या. आज संस्थेचे निम्म्याहून अधिक सदस्य अमेरिकेबाहेर आहेत. पाकिस्तानापासून जपानपर्यंत आणि दक्षिणेस न्यूझीलंडपर्यंत पसरलेला दहावा विभाग सदस्यसंख्येने सर्व विभागांत मोठा झाला आहे. तरीही दहा विभागीय संचालकांत त्याचा एकच संचालक आहे. भारत, चीन, जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया यांच्या वतीने एक माणूस बोलतो. अमेरिकेच्या वतीने सहा बोलतात. आठव्या विभागाची स्थिती तर याहून विचित्र आहे. शंभराहून अधिक देश त्यात कोंबलेले आहेत आणि अखंड आफ्रिकेला स्वतःची अशी एकही जागा नाही.

नियामक मंडळावर केवळ विभागीय संचालकच असतात असे नव्हे. दहा तांत्रिक शाखांचे दहा संचालक असतात, पदाधिकारी असतात, आणि सर्व सदस्यांच्या मतांनी निवडला जाणारा अध्यक्ष असतो. त्या जागांवर कोणत्याही देशाची व्यक्ती येऊ शकते, हे खरे. पण येऊ शकते आणि येते यांत अंतर असते. जपानचे तोशिओ फुकुदा २०२० साली अध्यक्ष झाले, ते आशियातून आलेले पहिले अध्यक्ष. दरवाजा उघडाच होता असे म्हणणाऱ्यांनी, त्यातून पहिला आशियाई आत येण्यास ५७ वर्षे का लागली, याचेही उत्तर द्यावे.

संस्थेला याची जाणीव नाही असे आम्ही म्हणणार नाही. फेररचनेचा निर्णय झालेला आहे. त्यानुसार जानेवारी २०२८पासून अमेरिकेच्या सहा विभागांचे पाच होतील आणि आशिया-पॅसिफिकच्या एका विभागाचे दोन. एकूण विभाग दहाच राहतील. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. ज्यांनी आपली एक जागा सोडली त्यांचे अभिनंदनही करतो, कारण जागा सोडणे किती जड जाते हे कोणत्याही संस्थेत काम केलेल्या माणसास ठाऊक असते. पण स्वागत म्हणजे समाधान नव्हे. निम्म्याहून कमी सदस्य असलेल्या देशाकडे तेव्हाही निम्म्या विभागीय जागा असतीलच. सर्वांत मोठ्या सदस्यसमूहाकडे दोन असतील. आफ्रिका होती तेथेच असेल. आणि पुढची दुरुस्ती केव्हा होणार याचे उत्तर पुन्हा त्या वेळच्या मंडळाच्या मर्जीवर राहील. आमचा खरा आक्षेप याच गोष्टीला आहे. जागांची वाटणी नियमाने व्हावयास हवी. ती पिढीतून एकदा मिळणाऱ्या बक्षिसासारखी होते आहे.

नियामक मंडळावर एक माणूस कमी किंवा जास्त असल्याने काय बिघडते? आपल्याकडे म्हणतात, वाढपी ओळखीचा असेल तर पंगतीत कोठेही बसावे. तो ओळखीचा नसेल तर काय होते याची दोन उदाहरणे आम्ही देतो.

२००२च्या आरंभी संस्थेने अमेरिकेच्या निर्बंध-कायद्यांचा हवाला देऊन इराण, क्युबा, लिबिया, सुदान आदी देशांतील आपल्याच सदस्यांच्या बहुतेक सेवा खंडित केल्या. पुढे इराणी लेखकांच्या शोधनिबंधांचे संपादन करणे हीसुद्धा 'सेवा' ठरते की काय, असा प्रश्न उभा राहिला. विरामचिन्हे दुरुस्त करण्यास सरकारी परवाना लागावा, अशी ती अवस्था होती. अखेर एप्रिल २००४मध्ये, परीक्षण आणि संपादन यांस परवाना लागत नाही, असे अमेरिकेच्या अर्थखात्याने संस्थेस कळवले. मधली दोन वर्षे गेली ती गेलीच. दुसरे उदाहरण मे २०१९चे. अमेरिकी सरकारने हुआवे या चिनी कंपनीवर निर्बंध घालताच, त्या कंपनीत नोकरी करणाऱ्यांनी शोधनिबंधांचे परीक्षण करू नये, असा फतवा संस्थेने काढला. ज्यांच्या विद्वत्तेविषयी आदल्या दिवसापर्यंत कोणाला शंका नव्हती ते केवळ नोकरीच्या पत्त्यामुळे अपात्र ठरले. चीनमधून आणि अन्य देशांतूनही इतका निषेध झाला की २ जून २०१९ रोजी, म्हणजे काही दिवसांतच, तो मागे घ्यावा लागला.

संस्था न्यूयॉर्कमध्ये नोंदलेली आहे आणि तिला तेथील कायदा पाळावाच लागतो, हे आम्ही जाणतो. मंडळावर आशियाचे चार संचालक असते तरी कायदा बदलला नसता. पण कायद्याचा अर्थ किती भीत भीत लावायचा, सदस्यांना आधी विचारायचे की नंतर कळवायचे, सरकारकडे स्पष्टीकरण लगेच मागायचे की निमूट वाट पाहायची, हे निर्णय कायदा करीत नाही, मंडळ करते. ज्यांच्यावर निर्णयाचा आघात होणार आहे त्यांच्यापैकी कोणी त्या बैठकीत असेल तर एखादा प्रश्न वेळेवर विचारला जातो. दूरच्या सदस्यांना निषेधपत्रे लिहून जे मिळवावे लागले, ते बैठकीतील एका आवाजाने आधीच साधले असते, असे मानण्यास जागा आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप नेहमीचा आहे : येथे गुणवत्ता पाहतात, भूगोल नव्हे, संचालक कोठूनही आलेला असो, तो संपूर्ण संस्थेच्या हिताला बांधलेला असतो. तत्त्व उत्तम आहे. मग ते अमेरिकेच्या सहा विभागांना का लागू होत नाही? न्यू इंग्लंडच्या अभियंत्याचे हित कॅलिफोर्नियाच्या अभियंत्याला कळत नाही म्हणूनच तर त्यांना वेगवेगळे संचालक दिले गेले. एकाच देशातील दोन किनाऱ्यांसाठी भूगोल महत्त्वाचा आणि बंगळूर ते टोकियो या अंतरासाठी तो गौण, हा तर्क आमच्या बुद्धीच्या पलीकडचा आहे. भूगोल खरोखरच गौण असेल तर जागांची फेरवाटणी करण्यास कोणाची हरकत नसावी. हरकत येते, यावरूनच तो गौण नाही हे सिद्ध होते.

दुसरा आक्षेप पैशाचा : जे अधिक वर्गणी देतात त्यांचा अधिकार अधिक. अल्प उत्पन्नाच्या देशांतील सदस्यांना वर्गणीत सवलत मिळते हे खरे आहे. परंतु संस्थेचा कारभार मुख्यतः वर्गणीवर चालत नाही. प्रकाशने, परिषदा आणि मानके हे तिच्या उत्पन्नाचे मोठे स्रोत आहेत. आणि प्रकाशने कशी उभी राहतात? लेखक आपला निबंध देतो, परीक्षक मोबदला न घेता तो तपासतो, आणि मग आपल्या विद्यापीठांची ग्रंथालये तोच निबंध वाचण्यासाठी पैसे मोजतात. आशियातील अभियंता या साखळीत तीनदा येतो : लेखक म्हणून, परीक्षक म्हणून आणि ग्राहक म्हणून. त्याचा हिशेब केवळ वर्गणीच्या पावतीवर मांडणे हा हिशेबच नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. आशियातील, विशेषतः भारतातील सदस्यसंख्या विद्यार्थ्यांमुळे फुगलेली दिसते. महाविद्यालयात असेपर्यंत ते सदस्य असतात आणि नोकरी लागताच अनेकजण वर्गणी भरणे सोडून देतात. पदवीपूर्व विद्यार्थी-सदस्यांना मताधिकारही नसतो. या आक्षेपावर आमचे उत्तर सरळ आहे : मताधिकार असलेलेच सदस्य मोजावेत. विद्यार्थ्यांची संख्या दाखवून जागा मागणे आम्हांला मान्य नाही. पण मग तीच मोजणी सर्वत्र लावावी आणि ठरावीक काळाने पुन्हा करावी. आणखी एक कर्तव्य आपल्याही माथी येते. या संस्थेच्या निवडणुकीत सर्वच देशांतून मतदान फार थोडे होते. ज्यांना मत आहे आणि जे मत देत नाहीत, त्यांनी प्रतिनिधित्वाविषयी गाऱ्हाणे सांगताना थोडे थांबून विचार करावा.

चौथा आक्षेप कार्यक्षमतेचा. मंडळ मोठे आणि अवजड झाले आहे, ते आटोपशीर करावे, असे म्हणणारे सर्व देशांत आहेत. २०१६ साली घटनादुरुस्तीचा एक प्रस्ताव सदस्यांच्या मतदानास ठेवला गेला होता. विभागांतून आणि शाखांतून निवडून आलेल्यांना आपोआप संचालकपद मिळू नये, हा त्यातील एक मुख्य भाग होता. आवश्यक ती दोन-तृतीयांश मते न मिळाल्याने तो फेटाळला गेला. ते योग्यच झाले असे आम्ही मानतो. कार्यक्षमतेच्या नावाखाली पहिली कात्री नेहमी दूरच्यांच्या जागांनाच लागते. मंडळ लहान करायचे असेल तर करावे. पण आधी न्याय्य वाटणी, मग काटछाट.

येथवर वाचून कोणास वाटेल की आमचे म्हणणे एवढेच : आम्ही अधिक, म्हणून आमच्या जागा अधिक. तसे नाही. नुसती संख्या हाही न्याय नव्हे, आणि हे आपल्याला आपल्याच देशातून दिसते. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने १९७१च्या जनगणनेवर गोठवली गेली आणि २००१च्या ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली गेली. कारण उघड होते. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांनाच जागा गमावण्याची शिक्षा होऊ नये. हैदराबाद आणि बेळगाव येथील आमच्या वाचकांना ही दक्षिणेची चिंता परकी वाटणार नाही. जुना नकाशा कायम ठेवला तर नव्यांवर अन्याय होतो. नुसती डोकी मोजली तर लहानांवर. प्रश्न या दोहोंमधून वाट काढण्याचा आहे.

क्रिकेटचे उदाहरण याहून बोलके आहे, आणि ते आपल्याला थोडे टोचणारेही आहे. १९०९ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्सचे तीनच सदस्य होते. भारत १९२६ साली आत आला. परंतु इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा नकाराधिकार १९९३पर्यंत अबाधित होता. तो अन्याय आपण सोसला आणि त्याविरुद्ध लढलो. मग क्रिकेटचा पैसा भारतात आला, आणि २०१४ साली भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या तिघांनी मिळून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची सत्ता आणि उत्पन्न यांचा मोठा वाटा आपल्या पदरात पाडून घेतला. कालचा मागच्या रांगेतला आज पुढच्या रांगेत बसला आणि मागच्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. त्या व्यवस्थेवर जाहीर टीका करून ती मोडण्यात पुढाकार घेणारे परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष शशांक मनोहर हे नागपूरचे, भारतीय मंडळाचेच माजी अध्यक्ष. २०१७ साली नवी घटना आणि उत्पन्नाची नवी वाटणी संमत झाली. पुढे २०२३ साली उत्पन्नाचा काटा पुन्हा भारताकडे बराच झुकला, हा भाग वेगळा. पण आपल्या बाजूचे असूनही आपल्या बाजूला आवर घालणारा माणूस हवा, हा धडा त्यातून घ्यावा. अभियंता-संस्थेत उद्या आशियाचे बहुमत झाले आणि आशियाने आफ्रिकेशी असेच वर्तन केले, तर आजच्या आमच्या लेखाला काही अर्थ राहणार नाही.

वाट काढणारे नमुने जगात आहेत. युरोपीय संसदेच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, पण चढत्या लोकसंख्येस उतरत्या वजनाने वाटल्या जातात. कोणत्याही देशाला सहांहून कमी नाहीत आणि शहाण्णवांहून अधिक नाहीत. म्हणून चिमुकल्या माल्टाला सहा आणि आठ कोटींच्या जर्मनीला शहाण्णव. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेच्या मंडळासाठी जगाचे पाच भाग केले आहेत. प्रत्येक भागाचा किमान एक संचालक असावा आणि कोणत्याही भागाचे पाचांहून अधिक नसावेत, असा तिचा नियम आहे. विशेष म्हणजे आयकॅनही अमेरिकेतच नोंदलेली आहे. म्हणजे अमेरिकी कायद्यात असे नियम बसत नाहीत ही सबब चालण्यासारखी नाही. आंतरराष्ट्रीय गणित संघात सदस्यदेशांचे पाच गट असतात आणि गटाच्या क्रमांकाप्रमाणे एक ते पाच मते मिळतात. याच संघाची जागतिक परिषद २०१० साली हैदराबादेत भरली होती. तिन्ही पद्धतींत उणिवा आहेत. पण तिन्ही ठिकाणी वाटणीचा नियम लिहिलेला आहे, तो सर्वांना वाचता येतो, आणि त्यावर वाद घालता येतो. नियम लिहिलेला नसतो तेव्हा वाद घालणाराच उद्धट ठरतो.

या विवेचनातून आमच्या मागण्या निघतात त्या अशा. दर पाच वर्षांनी मताधिकारी सदस्यांची मोजणी व्हावी आणि तिच्यानुसार विभागांच्या सीमा आपोआप बदलाव्यात. त्यासाठी मंडळाच्या कृपेची वाट पाहावी लागू नये. मनुष्यवस्तीच्या प्रत्येक खंडाला किमान एक जागा असावी. त्यात आफ्रिका आली. कोणत्याही एका देशाला, मग तो अमेरिका असो, चीन असो की भारत असो, दहांपैकी चारांहून अधिक विभागीय जागा नसाव्यात. ही मर्यादा आज अमेरिकेला जाचेल, उद्या कदाचित आपल्यालाच जाचेल. जाचली तर ती बरोबर ठरली असे समजावे.

आणखी एक गोष्ट कागदावरच्या नियमात येत नाही, पण तिच्यावाचून नियम पोकळ राहतो. जागा मिळणे निराळे आणि त्या जागेवर बसता येणे निराळे. न्यूयॉर्कमध्ये सायंकाळचे सात वाजतात तेव्हा हैदराबादेत दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडायची असते. दूरध्वनीवरील बैठका नेहमी एकाच गोलार्धाच्या सोयीने ठरल्या तर दुसऱ्या गोलार्धाचा प्रतिनिधी झोपमोड करून हजर राहील, पण ताज्या बुद्धीने वाद घालू शकणार नाही. बैठक प्रत्यक्ष असेल तर व्हिसा आला. २०२२ आणि २०२३ साली मुंबई आणि हैदराबाद येथील अमेरिकी वकिलातींत अभ्यागत-व्हिसाच्या मुलाखतीसाठी वर्षाहून अधिक काळ थांबावे लागत होते. एवढ्या काळात समितीचा कार्यकालच अर्धा संपतो. म्हणून बैठकांच्या वेळा आळीपाळीने बदलाव्यात आणि स्थळेही खंडाखंडांतून फिरावीत, ही मागणी क्षुल्लक समजू नये.

आता घरचा विषय. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झाले. पुणे, मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील चार संस्था त्याच्या घटक संस्था. गोवा, कर्नाटक, तेलंगण, मध्य प्रदेश, छत्तीसगड येथील संस्था 'समाविष्ट' आणि बडोद्याची 'संलग्न'. महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी फिरते, परंतु ते या चार घटक संस्थांमध्येच. प्रतिनिधींच्या संख्येतही घटक आणि समाविष्ट यांत अंतर आहे. साहित्यसंमेलन मात्र इंदुरास १९१७ साली झाले, ग्वाल्हेरला १९२८ साली, बेळगावला १९२९ साली, हैदराबादेस १९३१ साली. अलीकडे बडोद्यास २०१८ साली आणि दिल्लीस २०२५ साली. मांडव घालायला, पाहुण्यांची उठबस करायला आणि ग्रंथदिंडी काढायला आम्ही चालतो. कार्यालय यायला आमचे गाव दूर पडते. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांची संख्या महाराष्ट्राइतकी नाही, त्यामुळे समान जागा मागण्याचा अविचार आम्ही करणार नाही. पण 'समाविष्ट' या शब्दातच सारी गोम आहे. समाविष्ट कोणाला करतात? जो मुळात घरचा नाही त्याला. शंभर वर्षांपूर्वी संमेलनाचे यजमानपद भूषवलेली गावे आजही समाविष्टच आहेत.

आमची मागणी येथेही तीच आहे, जी न्यूयॉर्कच्या संस्थेकडे आहे : लिहिलेला नियम, किमान आणि कमाल यांची मर्यादा, ठरावीक काळाने फेरमोजणी, आणि कार्यालयाच्या फेऱ्यात बृहन्महाराष्ट्राची एक पाळी. आणि हाच नियम आपल्या स्थानिक मंडळांनीही स्वतःला लावून पाहावा. इंदूरच्या किंवा बडोद्याच्या मंडळात जुन्या पेठांतील घराण्यांकडे किती जागा आहेत आणि गेल्या पंचवीस वर्षांत नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडे किती, याची मोजदाद कोणी केली आहे काय? प्रत्येक संस्थेला तिचा एक न्यूयॉर्क असतो, आणि प्रत्येक न्यूयॉर्कला आपण न्यूयॉर्क आहोत याचा विसर पडलेला असतो.

आय-ट्रिपल-ईच्या भारतीय सदस्यांनी २०२८च्या फेररचनेला अखेरचा टप्पा समजू नये, एवढी आमची विनंती आहे. दरवर्षी होणाऱ्या निवडणुकीत मत द्यावे. उमेदवारांना फेरमोजणीच्या नियमाविषयी स्पष्ट प्रश्न विचारावा आणि ज्यांचे उत्तर गुळमुळीत असेल त्यांना, ते आपल्याच देशाचे असले तरी, मत देऊ नये. तोच प्रश्न आमचे सुज्ञ वाचक आपापल्या मंडळाच्या येत्या वार्षिक सभेतही विचारतील, अशी आम्हांला आशा आहे. कार्यकारिणीने तो कार्यक्रमपत्रिकेवर घेतला नाही, तर ऐनवेळच्या विषयांत घ्यावा.